बेलसरेकाकांची दुसरी बोट

"सुजाता, तुझ्या अंकलची बोट खाली बसायला लागलीय," ब्रेट फोनवर म्हणाला. "लवकर ये, मेट."

ब्रेट आमच्या मरीनाचा मॅनेजर. मरीना म्हणजे बोटींचं पार्किंग. मी दुसऱ्याच एका बोटीच्या इंजिनात डोकं घालून बसले होते. छत्री शोधण्यात अर्थ नव्हता. फेब्रुवारीत आमच्या एअर्ली बीचला पाऊस पडत नाही, कोणीतरी वरून बादल्या ओतत असतं. पॉन्टूनवरून, म्हणजे बोटी बांधायच्या तरंगत्या धक्क्यावरून, धावत गेले. बेलसरेकाकांच्या बोटीचं नाक वर आणि शेपूट पाण्यात. अजून थोडं पाणी चढलं असतं तर इंजिन गेलं असतं.

ऑफिसमधली किल्ली आणून मी आत शिरले. दिवा लावायला बटण दाबलं. अंधार. पॅनेल बघितलं, तर मेन स्विच बंद. धक्क्यावरची पॉवरची केबलही काढून, छान गुंडाळून, दोरीने बांधून ठेवलेली. हे काम कोणाचं हे त्या गाठीवरूनच कळलं. काकांनी सप्टेंबरमध्ये जाताना मेन बंद केलं होतं. गावाला जाताना आपण घराचं करतो तसं.

आता माझा धंदा काय ते सांगते. मी बोट-माइंडर आहे. मालक नसताना त्यांच्या बोटी सांभाळायच्या. शिकायला सिडनीला आले, ब्लॅकटाउनला चौघीत एक खोली घेऊन राहिले आणि पीआरचे, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचे, पॉइंट वाढावेत म्हणून शहर सोडून इकडे उत्तरेला आले. पॉइंट मिळाले, पीआर मिळाली, मी मात्र परत गेले नाही. इथे हिवाळ्यातही हाफ टी-शर्टवर काम करता येतं.

त्याच हिवाळ्यावर आमचं पोट चालतं. जूनमध्ये मेलबर्नला हाडं गोठतात, तेव्हा आमच्याकडे समुद्र कोमट असतो आणि ऊन सोसवेल इतपत. म्हणून दक्षिणेतले हौशी लोक इकडे दुसरी बोट ठेवतात. जूनला येतात, बेटाबेटांतून हिंडतात, सप्टेंबरला परत जातात. मग पुढचा जून येईपर्यंत ती बोट असते आणि आम्ही असतो. पाऊस, दमट हवा, वादळं, सगळं आमच्या वाट्याला.

बेलसरेकाकांचं मेलबर्नजवळ क्रेगीबर्नला टायरचं दुकान. मुलाने ते हाती घेतल्यावर काकांना हवा तेवढा वेळ मिळायला लागला. पहिली बोट ते मासे धरायला वापरतात. दुसरी घेतली ती नलूकाकूंसाठी. काकूंच्या हाताला संधिवात. मेलबर्नच्या थंडीत त्यांची बोटं अशी आखडतात की डब्याचं झाकणही उघडत नाही. इथे आल्यावर आठवड्याभरात त्या पोळ्या लाटायला लागतात. पहिल्या वर्षी त्यांनी मला मुद्दाम बोलावून पोळी खायला घातली होती आणि मी खात असताना स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या होत्या. ती पोळी मी विसरलेले नाही.

पंप आणून पाणी उपसलं आणि काकांना फोन लावला.

"काका, मेन बंद केलं होतं तुम्ही?"

"अर्थात. कुलूप लावायच्या आधी मेन बंद करायचं. वडिलांची शिस्त आहे आमच्या."

"बोटीचं नाही करायचं, काका. प्रोपेलरचा दांडा बोटीच्या तळातून बाहेर जातो ना, तिथून थेंब थेंब पाणी आत येतं. वर पावसाचं येतं. ते बाहेर फेकायला खाली एक पंप आहे, आपोआप चालणारा. तो बॅटरीवर चालतो आणि बॅटरी चार्ज होते मेनवर. मेन बंद, की बॅटरी संपली. बॅटरी संपली, की पंप बंद."

"माझी पहिली बोट मी कायम सगळं बंद करूनच ठेवतो. इतकी वर्षं झाली. कधी थेंबभर पाणी नाही आलं."

"काका, ती ट्रेलरवर असते. तुमच्या ड्राइव्हवेत."

"तेच म्हणतोय मी. ठेवायची पद्धत असते," काका म्हणाले.

तुम्ही म्हणाल, मीच जाऊन मेन चालू का करत नव्हते? तर काकांनी आमचा सगळ्यात साधा प्लॅन घेतला होता. बाहेरून बघायचं, दोऱ्या तपासायच्या, बोट जागेवर आहे ना एवढं पाहायचं. कुलूप उघडून आत जायचं ते फक्त इमर्जन्सीत. मेन चालू ठेवायचं कबूल करायला लावण्यातच माझे चार फोन गेले.

जूनमध्ये दोघं आले. मी मेन स्विचखाली मराठीत स्टिकर लावला होता: "हा बंद करू नये." काकांनी तो वाचला, माझ्या अक्षराचं कौतुक केलं. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं की स्टिकर काही कामाचा नाही.

मग मला अवदसा आठवली.

काकूंनी स्टिअरिंगशेजारी पितळी गणपती ठेवला होता. बोट घेतली तेव्हाच नारळ फोडून बसवलेला. मी काकूंना म्हटलं, "देवापुढे दिवा हवा ना, काकू? छोटा लाइट बसवून देते. कायम चालू राहील."

काकू खूश. मी वायरिंग अशी केली की मेन चालू असेल तरच दिवा लागेल. मेन बंद केलं की देव अंधारात. वर खिडकीतून तो दिवा बाहेरून दिसायचाही. म्हणजे प्लॅन न वाढवता मला आतली बातमी. आमच्या घरी बुद्धवंदना. मेणबत्ती लावतो, विझली की विझली. पण शेजारच्या घरातला नंदादीप मी लहानपणापासून पाहिला होता. तेल घालायला उशीर झाला तर शेजारच्या आजी दिवसभर चुकल्यासारख्या वावरायच्या. म्हटलं, आता काका सापडले.

सप्टेंबरला निघताना काका स्विचजवळ गेले. हात वर गेला. काकूंनी नुसतं देवाकडे बघितलं. काकांनी हात खाली घेतला. मी धक्क्यावर उभी राहून आतल्या आत नाचत होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी घरी जाताना मी त्या खिडकीकडे बघायचे. दिवा मंद पिवळा, शांत. मी ब्रेटला तो प्रकार सांगितला तेव्हा तो खदाखदा हसला. म्हणाला, "जीनियस, मेट. बाकीच्या मालकांनाही एकेक देव दे."

ख्रिसमसनंतर पाऊस लागला. एका सकाळी शेजारच्या बोटवाल्याने हाक मारली. काकांच्या बोटीचं शेपूट पुन्हा खाली. माझा विश्वासच बसेना. दिवा तर कालच बघितला होता.

आत गेले. मेन बंद. माझा लाइट विझलेला. आणि गणपतीपुढे तांदळाने भरलेला स्टीलचा डबा, त्यात खोचून उभा केलेला बागेतला सोलर दिवा. दिवसभर खिडकीतलं ऊन खायचं आणि अंधार पडला की आपोआप लागायचं. तांदळाला बुरशी आली होती. दिवा ठणठणीत होता.

मी तिथेच पायरीवर बसले आणि हसत सुटले. पाणी घोट्यापर्यंत आलेलं असताना माणसाने हसू नये, पण काय करणार? नंतर कळलं ते असं. टॅक्सीत सामान चढवल्यावर काका "चष्मा राहिला" म्हणून एकटेच परत आत आले होते. डबा आणि दिवा त्यांनी आधीच तयार ठेवला होता. देव अंधारात नाही, मेनही चालू नाही. दोन्हीकडून मोकळे.

ब्रेटला मात्र या वेळी हसू आलं नाही. इंजिनाला पाणी लागता लागता राहिलं होतं. बोट धक्क्यालाच बुडाली तर डिझेल पाण्यात जातं आणि आम्ही रीफच्या, म्हणजे समुद्रातल्या जपलेल्या प्रवाळांच्या, दाराशी राहतो. इथे पाण्यावर तेलाचा तवंग दिसला की सगळी यंत्रणा दारात हजर होते.

"अजून एकदा झालं तर अंकलची जागा गेली," तो म्हणाला. "आणि आजूबाजूला कुठेच जागा रिकामी नाहीये, तुला माहितीय."

मला माहीत होतं. जागा गेली म्हणजे बोट विकायची. बोट विकली म्हणजे काकूंचा हिवाळा मेलबर्नला, हीटरसमोर हात धरून. इतके दिवस मला या सगळ्याची मजा वाटत होती. त्या दिवशी ती संपली.

जूनमध्ये दोघं आले. काका बेट घ्यायला, म्हणजे गळाला लावायचं आमिष आणायला, दुकानात गेले होते. मी काकूंसमोर बसले आणि ब्रेटची अट सांगितली. काकूंनी लाटणं बाजूला ठेवलं.

"तुला वाटतं ते हट्टी आहेत," त्या म्हणाल्या.

"थोडे."

"थोडे नाहीत, पुष्कळ आहेत. पण हे हट्टाचं नाही. हे शाळेत असताना सगळं घर लग्नाला गेलं होतं, सांगलीहून कोल्हापूरला. परत आले तर स्वयंपाकघर जळून कोळसा. वायरिंगमध्ये शॉर्ट झालं म्हणे. त्यानंतर सासऱ्यांनी कधी मेन चालू ठेवून उंबरा ओलांडला नाही. हे तरी कसे ओलांडतील? मेन चालू ठेवून गेलो तर यांना तिकडे क्रेगीबर्नला झोप लागायची नाही."

मी एका हट्टी माणसावर कुरघोडी करत होते आणि समोर आगीला घाबरलेला शाळकरी मुलगा होता. मला वाईट वाटलं. भीतीवर स्टिकर चालत नाही. देवाचा दिवाही चालला नव्हता.

पण सोलर दिवा चालला होता. काकांनीच तो उपाय माझ्या नाकासमोर तांदळात खोचून ठेवला होता.

"काकू, मेन त्यांना बंद करू दे," मी म्हटलं. "आपण पंपच मेनवरून काढून घेऊ. छपरावर एक सोलर पॅनेल, पंपाला स्वतःची छोटी बॅटरी, मध्ये फक्त फ्यूज. शॉर्ट झालं तर फ्यूज उडेल, आग नाही लागणार. पण काकांची परवानगी लागेल."

"कशाला लागेल? बोट माझ्या नावावर आहे," काकू म्हणाल्या. "छपरावर काय आहे असं विचारलं तर पंख्याचं आहे म्हणेन. मला उकडतं."

बोटीत पंखा नव्हता. तो त्याच दिवशी संध्याकाळी आणला.

काका किनाऱ्यावर मासे धरायला गेले की मी काम करायचे. शेवटी त्यांच्यासाठी म्हणून पायऱ्यांपाशी, हाताशी येईल असा मोठा लाल स्विच बसवला. ही खेळण्यातली वस्तू नव्हती. पंप सोडून बोटीतली एकूण एक गोष्ट त्याने खरोखर बंद व्हायची. देवापुढचा लाइट मी पंपाच्या बॅटरीवर घेतला; काकांना सांगितलं, तोही पंख्याच्या सोलरवर चालतो. त्याला लागून लागून वीज किती लागणार? आणि त्या लाल स्विचची किल्ली फिरवली की हातात निघून यायची.

काकांना तो बघताक्षणी आवडला. "याला म्हणतात स्विच," ते म्हणाले. चार-पाचदा फिरवून बघितला. खटक आवाज आला की मान हलवायचे.

सप्टेंबरला निघताना त्यांनी स्विच बंद केला, किल्ली काढली, रुमालात बांधून खिशात ठेवली. धक्क्यावरची केबल काढून गुंडाळली. माझ्याकडे बघून म्हणाले, "आता तुला काय करायचंय ते कर."

"काही नाही, काका. सावकाश जा," मी म्हटलं.

त्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्च, पावसाने कहर केला. वादळाचा इशाराही झाला. मी मुद्दाम त्या बोटीपाशी थांबायचे. मधूनच खालून गुरगुर ऐकू यायची आणि बाजूच्या भोकातून पाण्याची धार बाहेर पडायची. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. बोट सरळ उभी. ब्रेट येऊन बघून गेला आणि जागेचा करार पुढे चालू ठेवला. काकूंना मी फोटो पाठवला. त्यांनी उत्तरात दोन हात जोडलेले पाठवले.

जूनमध्ये काका आले ते थेट बोटीच्या तळाचं झाकण उघडायला. हात घालून बघितलं. कोरडं. मग त्यांनी मला बोलावलं. ब्रेटलाही बोलावलं.

"बघितलंस? मेन बंद. किल्ली माझ्याकडे, क्रेगीबर्नला, उशाखाली. आणि आत एक थेंब नाही." मग ब्रेटकडे वळून इंग्लिशमध्ये, "आय टोल्ड यू. तुम्ही लोक उगाच घाबरवता."

ब्रेटने माझ्याकडे बघितलं. मी काकूंकडे बघितलं. काकू कणीक मळत होत्या, मान खाली, खांदे जरा हलत होते.

"सॉरी, काका," मी म्हणाले. "तुमचं बरोबर होतं."

काकांनी मोठ्या मनाने मला माफ केलं. वर गरम पोळीही मिळाली. मला वाटलं, प्रकरण संपलं.

संपलं नव्हतं. मरीनात शनिवारी सगळे मालक मिळून बार्बेक्यू करतात. काका त्या हिवाळ्यात एकही शनिवार चुकले नाहीत. ऑक्टोबरमध्ये, सगळे दक्षिणेला परत गेल्यावर, ब्रेट कपाळाला हात लावून माझ्याकडे आला.

"तुझ्या अंकलच्या ओळीतल्या तिघांनी पॉवर बंद करून केबल गुंडाळून ठेवल्यात. फोन केला तर म्हणतात, मिस्टर बेलसरे एक्सपर्ट आहेत. त्यांच्या बोटीत थेंबही येत नाही."

मी टूलबॅग उचलली.

बोट बुडाली असती तर चूक कोणाची हे गावभर झालं असतं. बोट तरंगत राहिली की का राहिली ते ज्याला जे वाटेल ते तो सांगतो आणि लोक ऐकतात. तेव्हापासून कुठेही पंप बसवला की मालकाला समोर उभं करते, बादलीभर पाणी ओतते, पंप चालू झालेला दाखवते आणि मगच सही घेते. बेलसरेकाका सोडून. त्यांना झोप लागते आहे, लागू दे.