चकतीवाल्याची फुंकर

आमच्या चकतीवाल्याला चहा पिताना बघा एकदा. कितीही कढत असो, फुंकर म्हणून मारायचा नाही. गार होईपर्यंत कपाकडे बघत बसतो. शेजारणी म्हणतात, शिष्ट आहे. शिष्ट कसला, घाबरट! का, ते मला त्याच्या बायकोनेच सांगितलं. मी कुणाला सांगणार नाही म्हटलं होतं, ते सोडा.

प्रयोगशाळेत धातूच्या चकत्या करायच्या, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, हे त्याचं काम. तिथल्या मोठ्या बाईंना हवं होतं, एका जड अणूवर न्यूट्रॉन आदळला तर तो फुटण्याची शक्यता किती. पण तो अणू महिन्याभरात निम्मा विरतो. चकती करायची कशाची? म्हणून टिकाऊ थोरियमच्या चकतीवर लिथियमचा मारा. त्यातून तोच अणुगर्भ घडतो, जो त्या विरणाऱ्या अणूने न्यूट्रॉन गिळून घडला असता. मग बाहेर उडणारे तुकडे मोजायचे. सासूबाईंचा राग मोजता येत नाही, आपटलेली भांडी मोजायची, तसंच.

चकती चौकटीवर नीट ताणली गेली का, हे तो हलकी फुंकर मारून बघायचा. कार्बनच्या चकतीला ते चालतं. त्या दिवशी सवयीने थोरियमलाही मारली. कोपऱ्याचा टवका उडाला आणि दचकून याने खोल श्वास घेतला.

टवका सापडेना. थोरियम टिकाऊ असलं तरी किरणोत्सर्गी, श्वासातून आत गेलं तर छातीत ठाण मांडतं.

"छातीत डोकावता येत नाही, काका," तपासणीवाला म्हणाला. "बाहेर पडेल ते मोजू." हातात लघवीचा डबा दिला. "निकाल आठ दिवसांनी."

त्याच संध्याकाळी मुलगी तान्हीला घेऊन माहेरी आली.

"घ्या की नातीला!" बायको म्हणाली.

"सर्दी झालीये."

"एकदाही शिंकला नाहीत ते!"

आठ दिवस गडी व्हरांड्यात जेवला. हात धुऊन धुऊन कातडी सोलली. नात रडली की याच्या छातीत कळ यायची. वाटायचं, टवका इथेच बसलाय.

नवव्या दिवशी निरोप आला. डब्यात काही नाही. टवका चौकटीच्या मागे चिकटलेला सापडला.

त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग तिने त्याला धुऊन काढलं, मग नात मांडीवर ठेवली. थोड्या वेळाने बघते तर याचा चेहरा लालबुंद.

"अहो, श्वास घ्या! मोजून झालंय ना?"

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं, श्वास सोडला, नवा भरून घेतला आणि तो धरूनच परत नातीकडे वळला.