मुकी आणि तिरंदाज

“मुकी हाय बिचारी. ऐकूबी येत नसंल.”

हे माझ्याबद्दल होतं. जवळच धुणं आपटणाऱ्या एका बाईनं शेजारच्या बाईला ते सांगितलं, आणि मला ते स्वच्छ ऐकू आलं. मी तेव्हा भीमेच्या काठी बाभळीखाली पालथी पडले होते. एक डोळा कॅमेऱ्याला लावलेला, दुसरा घट्ट मिटलेला, हनुवटीला चिखल. समोर पाण्यातून वर आलेल्या वाळक्या खोडावर तिरंदाज पक्षी पंख पसरून बसला होता, दोरीवर बनियन वाळत घालावं तसा.

झालं होतं असं, की त्या बाईंनी आधी मला विचारलं होतं, “कुणाची गं तू?” आमच्या भागात या प्रश्नाला लहान उत्तर नाही. आडनाव सांगा, मग गाव सांगा, मग त्या गावातले कोण कोण आपले लागतात ते सांगा, आणि शेवटी लग्न का नाही झालं ते सांगा. मी इंग्रजी शाळेतली. अनोळखी माणसासमोर माझं मराठी फाटतं. नदी तो की ती, खोड तो की ते, याचा गोंधळ होतो आणि समोरचा हसतो. शिवाय तिरंदाजाला माणसाचा आवाज खपत नाही, असं मी वाचलं होतं. म्हणून मी ओठांवर बोट ठेवलं आणि पक्ष्याकडं हात केला. मला म्हणायचं होतं, गप्प बसा. त्यांनी अर्थ लावला, हिला बोलता येत नाही.

एका वाक्यात हे निस्तरता आलं असतं. मी निस्तरलं नाही. कॉलेजनं दिलेली पदवी अजून कुठं कामाला आलेली नाही, पण ही पदवी पहिल्याच दिवसापासून उपयोगी पडली. मुक्या मुलीला कुणी आडनाव विचारत नाही.

त्या बाईंना मी मनात मामी म्हणू लागले, कारण धुवायला येणाऱ्या सगळ्याजणी त्यांना तेच म्हणत. मामींच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता ऊस आणि कांदा. दिवाळीनंतरच्या त्या सगळ्या थंडीत मी शिरूरहून स्कूटी काढून तिथं जात राहिले, कारण मला एकच फोटो हवा होता.

तिरंदाज बगळ्यासारखा काठावर उभा राहून माशाची वाट बघत नाही. तो पाण्याखाली जातो, भाल्यासारखी चोच माशात खुपसतो आणि वर येतो. अंग पाण्यातच राहतं, नुसती सापासारखी मान बाहेर निघते. आता चोचीत अडकलेला मासा गिळायचा कसा? तर तो मानेला झटका देतो, मासा हवेत उडवतो आणि डोक्याच्या बाजूनं झेलून घशात सोडतो. मासा हवेत असतो, ना चोचीत ना घशात, तेवढा क्षण मला हवा होता.

माझ्याकडं होते ते पाण्यावरच्या गोल गोल रेघांचे फोटो. पक्षी नुकताच बुडाला तिथं एक वर्तुळ, मी फिरून बघेपर्यंत तो वर येऊन गेला तिथं दुसरं वर्तुळ. घरी आई लॅपटॉपमध्ये डोकावून विचारायची, “आजपण भोवरेच का?” दोष पूर्णपणे माझा नव्हता. तिथं नदीच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. हा पक्षी शिरूरमध्ये बुडी मारायचा आणि दौंडमध्ये वर यायचा.

मामी आणि मंडळी माझ्यासमोर काहीही बोलत. कुणाच्या सुनेनं गॅसवरचं दूध मुद्दाम उतू घालवलं, कुणाचा जावई कंपनीत सुपरवायझर आहे म्हणून सांगतात पण गेटवर बसतो. मला कळावं असं काही सांगायचं असलं की मामी मोठ्यानं ओरडत आणि सोबत हातवारे करत. चहा घेणार का, हे विचारायला त्या अंगठा तोंडाकडं नेत. या खुणेचा दुसरा अर्थ काय होतो ते मी त्यांना सांगू शकत नव्हते. मी मान डोलवायची. चहा चांगला असायचा, आल्याचा.

“हिचा तो काळा पक्षी बघितला का?” एकदा त्या शेजारणीला म्हणाल्या. “कशी मान फिरवतो. आमच्या थोरल्या नणंदबाई अशाच. बसल्या जागंवरनं सगळी घरं बघत्यात.”

“त्या चोचबी मारत्यात,” शेजारीण म्हणाली.

मी कॅमेऱ्यामागं हसले आणि फोटो हलला. आणखी एक भोवरा.

मग एके सकाळी मामींनी माझ्यासमोर बसून दोन्ही हातांनी कपाळावर मुंडावळ्या बांधल्याची खूण केली. मी समजून न समजल्यासारखं केलं. त्यांनी पुन्हा बांधल्या, या वेळी घट्ट.

“तिला काय कळतंय,” शेजारीण म्हणाली.

“कळंल. आमच्या नणंदंचा पोरगा. त्यालाबी बोलता येत न्हाई. दौंडात वेल्डिंगचं दुकान हाय त्याचं, गाडी हाय. पोरी येत्यात सांगून, पर ह्योच नको म्हंतो. मोबाईलवर लिहून दावतो, लई बोलत्यात म्हणून. ही बोलायचीच न्हाई. आता काय खोट काढंल?”

मला तो मुलगा न बघताच आवडला, हे मान्य करायला हवं. पण त्याला मी चालणार नव्हते, आणि तेही त्याच कारणानं: मला बोलता येत होतं. आता बोलले तर अवघड आणि नाही बोलले तर बोलणी. जागा बदलावी म्हणून एक दिवस पुढच्या वळणावर जाऊन बघितलं. तिथं बदकाच्या पिलाएवढी एकच टिबुकली होती आणि ती माझ्याकडं पाठ करून बसली. तिरंदाजाचं खोड मामींच्या घाटासमोरच होतं. फोटो हवा तर तिथंच, आणि तिथं मी मुकी.

नणंदबाई बंधाऱ्यावरून चालत आल्या, दौंडच्या बाजूनं, नवं लुगडं नेसून. वर्णन तंतोतंत होतं. मान आधी आली, बाकीच्या मागून आल्या. मी नेहमीप्रमाणं पालथी होते. खोड रिकामं होतं, म्हणजे तिरंदाज पाण्याखाली होता, म्हणजे मला हलता येत नव्हतं.

“अशी का पडलीय?” नणंदबाईंनी विचारलं.

“नाद हाय तिला. गरीब हाय सोभावानं.”

नणंदबाई वाकल्या, माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडं वळवलं. “दात बरं हायीत.” मग मामींकडं वळून, “केस कमी हायीत, पर चालंल. त्यो म्हंतो का व्हय बघू. मी त्याला उद्याच घिऊन येते.”

“बघा की,” मामी म्हणाल्या. माझ्याकडं बघून त्यांनी पुन्हा मुंडावळ्या बांधल्या. त्यांचा चेहरा इतका खूश होता की मला पाण्यात बुडी मारून दौंडमध्ये वर यावंसं वाटलं.

तेवढ्यात पाण्यातून ती मान वर आली. लांब नव्हे, अगदी समोर, अलीकडच्या तालुक्यात. चोचीवर आरपार टोचलेला चिलापी मासा, तळव्याएवढा, अजून शेपूट मारणारा. मी हनुवटी सोडवून घेतली, डोळा लावला, आणि समोर सगळं हिरवं लुगडं. दोघी माझ्या आणि नदीच्या बरोबर मधे उभ्या होत्या. लुगड्याच्या काठाला लागून चोचीचं टोक तेवढं दिसत होतं, आणि ते मागं झुकत होतं, झटका द्यायच्या आधी झुकतं तसं.

मी बोलले, आणि चांगलं मोठ्यानं बोलले.

“मामी, तुमच्या नणंदबाईंना घिऊन जरा तिकडं सरका, मागं माझा मासा हाय.”