फळ्यावर गेलेले सेल
रिमोटचे सेल काढताना हाताला लागलेल्या कडवट वासाने मला मोताळ्याजवळच्या माझ्या पहिल्या शाळेत नेऊन सोडलं. तेव्हा संपलेले सेल फोडून आतली काळी पूड पाण्यात कालवायची आणि फळ्याला फासायची, ही आम्हा मास्तरांची रीतच होती. दुसऱ्या दिवशी साहेब तपासणीला येणार होते आणि फळा पांढराफटक पडलेला, म्हणून शेजारच्या ओट्यावर उन्हात पडलेले चार सेल मी टाकाऊ समजून फोडले. फळा झकास काळाभोर झाला! तेवढ्यात शेजारचे आजोबा धापा टाकत आले. “मास्तर, माह्या रेडिओचे सेल कुठी गेले? जरा दम यावा म्हून उनात ठेवले व्हते ना!” गावात रेडिओ तो एकच. मी काळे हात पाठीमागे लपवले, पण त्यांनी फळा पाहिला आणि खो खो हसले. “आता नवे सेल येईपर्यंत बातम्या तुमीच द्या.” मग आठवडी बाजारापर्यंत रोज संध्याकाळी मी पेपरातल्या बातम्या फळ्यावर लिहून मोठ्याने वाचायचो, आणि आजोबा जमलेल्या पोरांना ऐटीत सांगायचे, “पाहा बे, माहे सेल अजून बोलून राह्यले!” हल्ली मी जुने सेल फोडत नाही, दुकानातल्या जमा करायच्या डब्यात टाकतो, पण निघण्याआधी घरात विचारतोच, “कोणी वाळत तर घातले नव्हते ना?”