आधी त्यांना ऐकवा

प्रबंधाचं नवं प्रकरण हातात ठेवलं की आमचे सर ते न उघडताच परत करायचे. "ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना ऐकवलंस का?" नाही म्हटलं की चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसायचे. म्हणजे आता निघा. विभागात त्यांचं नावच 'ऐकवा सर' पडलं होतं. बाकीचे मार्गदर्शक संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांवरून विद्यार्थ्यांचा जीव खायचे, आमचे सर आम्हाला भर उन्हात खेडोपाडी पिटाळायचे.

विषय त्यांचा उद्योगांची नीतिमत्ता. छत्रपती संभाजीनगरच्या भोवती कारखाने भरपूर. ते गावांसाठी शाळा रंगवतात, झाडं लावतात, शिबिरं भरवतात. त्यातलं गावाच्या खरोखर किती कामी येतं, हे आम्ही बघायचं. पण सर कंपन्यांना शिव्या घालू द्यायचे नाहीत. मी एकदा तावातावाने 'हे सगळं ढोंग आहे' असं लिहिलं, तर म्हणाले, "हे वाक्य त्यांच्या तोंडावर वाचता येईल का तुला? येत असेल तर पुरावा जोड. नसेल तर काढ." काढलं. धुसफुसत काढलं, पण काढलं.

अभ्यास चालू असेपर्यंत कंपनीत ते चहासुद्धा घ्यायचे नाहीत. "खाल्लं की मत मऊ होतं," म्हणायचे. गावात मात्र कुणी भाकरी पुढे केली की मांडी घालून बसलेच. मूळचे सिल्लोडकडचे, ठेचा दिसला की विद्यापीठातली मराठी गळून पडायची आणि "लई झ्याक" सुरू व्हायचं. मी म्हटलं, सर, हा पक्षपात नाही का? शांतपणे घास गिळून म्हणाले, "व्हय, आहे. प्रस्तावनेत लिहून टाक." आणि खरंच लिहायला लावलं.

त्यांच्या या 'ऐकवा'च्या नियमापायी एकदा माझ्यावर बेतलं. बिडकीनजवळच्या एका गावात एका कंपनीने पिण्याच्या शुद्ध पाण्याचं यंत्र बसवलं होतं. उद्घाटनाचा फोटो अहवालात झळकत होता, पाणी मात्र जवळजवळ कुणी नेत नव्हतं. कारण साधं होतं. यंत्र होतं गावाच्या पारापाशी. पारावर दिवसभर वडीलधारे बसलेले, आणि त्या गावच्या सुना पारासमोरून जात नाहीत, मागच्या बोळाने वळसा घालतात. मी तेच लिहिलं आणि नियमाप्रमाणे कंपनीच्या अधिकाऱ्याला त्यांच्या केबिनमध्ये बसून ऐकवलं. सर शेजारीच होते.

अधिकाऱ्याचा चेहरा उतरला. "हे प्रकरण काढा, नाहीतर आम्ही अभ्यासाची परवानगी मागे घेतो," ते म्हणाले. परवानगी गेली असती तर नुसतं प्रकरण नाही, माझा अख्खा प्रबंध गेला असता. घरी आधीच 'झालं का एकदाचं' चालू होतं. सर मात्र जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "साहेब, काढायचं की नाही ते नंतर ठरवू. हेच आम्ही गावात वाचणार आहोत, तिथं या. तुमचं जे उत्तर असेल तेही छापू."

ते आले. येतील असं मला वाटलं नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यात जमलेल्या गावच्या बायकांसमोर मी वाचलं. अधिकाऱ्यांनी बायकांकडे वळून विचारलं, "हे खरं आहे?"

मग पदर सावरत एकजण म्हणाली, "यंत्र लई चांगलं हाय, साहेब. पण सासरे तिथंच बसत्यात. घागर घेऊन समोरून कसं जावं?"

अधिकारीही याच भागातल्या शेतकऱ्याघरचे. ते स्वतःवरच हसले. "आमच्या आईनं जन्मभर मागचीच वाट धरली. मी रोज बघत होतो. आणि जागा ठरवायची वेळ आली, तर मला पारच दिसला."

"हे छापू?" सरांनी लगेच विचारलं.

"छापा," ते म्हणाले. परवानगी राहिली. पुढे यंत्र अंगणवाडीपाशी हलवलं, आणि माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं वाक्य त्या अधिकाऱ्यांचं आहे.

आता मी स्वतः विद्यार्थ्यांना उन्हात पिटाळते आणि त्यांच्या शिव्या खाते. सर पडेगावचं घर आवरून नागपूरला लेकीकडे कायमचे राहायला निघालेत. त्यांच्यावर काहीतरी लिहावं म्हणून हे लिहिलं, आणि लिहून झाल्यावर लक्षात आलं, नियम मलाही चुकलेला नाही. परवा मी त्यांच्या घरी गेले. बांधलेल्या सामानातली एक खुर्ची मोकळी करून बसले आणि इथपर्यंतचं सगळं त्यांना वाचून दाखवलं.

डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "एक चूक आहे. जराही डगमगलो नाही, हे खोटं आहे. टेबलाखाली माझे गुडघे कापत होते. माझ्या हट्टापायी या पोरीचं वाटोळं झालं, असंच वाटत होतं. ते लिही."

"मग आवाज इतका शांत कसा होता, सर?"

"तू माझ्याकडं बघत होतीस ना."

ही दुरुस्ती मी तिथेच बसून लिहिली आणि त्यांना पुन्हा वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. या वेळी मी उठले नाही.