हक्कसोडीच्या फेऱ्या

आबा गेले आणि वर्षाच्या आत गावातल्या शहाण्यांनी भावाचे कान भरायला सुरुवात केली. बहिणींची मनं फिरायच्या आत केळीच्या मळ्यावरचा हक्क सोडल्याचा कागद त्यांच्याकडून सही करून घे, म्हणाले. भाऊ बिचारा लाजत लाजत आमच्याकडे आला. मी दिलेली धुळ्याला, अक्का चाळीसगावला. आम्ही दोघी एका दमात हो म्हणालो.

जमिनीचा लोभ नव्हता असं मी म्हणणार नाही, बागायती मळा कुणाला नको असतो? पण त्याहून मोठी हाव सहीसाठी रावेरच्या कचेरीत जायच्या फेरीची होती. लग्नं झाल्यापासून आम्ही तिघं असे एका जीपमध्ये बसलोच नव्हतो. भाऊ जीप हाकतोय, मागे आम्ही दोघी वेड्यासारख्या हसतोय, आणि कशाला हसतोय ते आम्हालाही ठाऊक नाही. आम्ही दोघी आज्या होण्याच्या वयाच्या, पण कचेरीच्या दारात पोचेपर्यंत आमची पोटं दुखायला लागली होती.

सहीची वेळ आली तेव्हा अक्काचं हसू थांबलं. ती माझ्या कानात पुटपुटली, "सही झाली का संपलं. मंग आपल्याले जीप कोन धाडीन?" आई आधीच गेली होती, आता आबाही नव्हते.

अक्का भावाला म्हणाली, "चष्मा घरी राह्यला रे भाऊ. वाचल्याबिगर सही कशी करू?" अक्कानं जन्मात कॅलेंडरपलीकडे काही वाचलं नव्हतं. भावानं आम्हाला शेवभाजी खाऊ घातली, वर जिलेबी, आणि एस.टी.त बसवून दिलं.

पुढच्या खेपेला चष्मा होता, पण अक्कानं कचेरीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात बरोबर अमावस्या शोधून काढली. मी पदर तोंडात कोंबून बाहेर पळाले. पुन्हा शेवभाजी, पुन्हा जिलेबी.

तिसऱ्यांदा मात्र बहाणाच सुचेना. जीपमध्ये मला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. कचेरीच्या पायरीवर भाऊ थांबला. त्यानं पायजम्याचे खिसे चाचपले, पिशवी उलटी करून झटकली, जीपच्या सीटखालीसुद्धा बघून आला.

"अक्का, कागद तं घरीच राह्यला," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

त्याच्या सदऱ्याच्या वरच्या खिशातून स्टँपपेपरचं हिरवट टोक चांगलं बोटभर बाहेर आलं होतं. मी अक्काकडे पाहिलं, तिनं मला सणसणीत चिमटा काढला. मग पुढे होऊन तिनं ते टोक त्याच्या खिशात नीट आत सारलं, वरून एक थाप दिली.

"राह्यला तं राहू दे," ती म्हणाली. "भूक लागली, चाल."