आमच्या कॅसेटमधलं नववं गाणं आणि हे मेलं शफल

परवा रविवारी शेवंतामावशी भोकरदनहून सकाळच्या एसटीने आमच्याकडे जालन्याला आली, आणि माझं त्या गाण्याच्या ॲपशी कायमचं वाजलं.

शेवंतामावशी नात्याने मावशी नाही. माझ्या बाबांची धावड्यात गायन पार्टी होती, हिची भोकरदनला. जयंतीच्या दिवसांत दोघांचे भीमगीतांचे मुकाबले लागायचे... ही गाण्यातून सवाल टाकणार, बाबा पुढच्या गाण्यातून जवाब देणार. त्याची एक कॅसेटसुद्धा निघाली होती. दहा गाणी, पाच सवाल, पाच जवाब.

आमच्या घरी ती कॅसेट तुटेपर्यंत वाजली. म्हणजे आठव्या गाण्यापर्यंत... आठवं संपलं की बाबा उठायचे, "पुढं टेप खराब हाय" म्हणायचे आणि बंद करायचे. शेवटचा जवाब बाबांचा, म्हणजे बाबा जिंकले. हेच सगळ्या गावाला सांगत आम्ही भावंडं मोठी झालो.

आता कुणीतरी ती कॅसेट ॲपवर टाकली आहे. मावशीला फोनवर सांगितलं तर तिने एकच मागणं केलं, की पहिल्यापासून शेवटपर्यंत बराबर लाइनीने ऐकव. तिच्याकडे ना कॅसेट, ना स्मार्टफोन. एवढ्यासाठी ती बाई दुखऱ्या गुडघ्यांनी एसटीत बसून आली होती.

मी ऐटीत पहिल्या गाण्यावर बोट ठेवलं. लागलं सहावं!

फुकटवाल्यांना म्हणे गाणं निवडता येत नाही, फक्त शफल, म्हणजे ॲप लावेल त्या उलटसुलट क्रमाने. अरे, पण हा सवाल-जवाब आहे! इथे आधी जवाब आणि मग सवाल कसा चालेल? सहाव्यानंतर दुसरं, मग चौथं... तिन्ही जवाब. बाबा मांडीवर ठेका धरून खुश, आणि मावशीचा चेहरा उतरत चाललेला.

"माझे सवाल कुठं गेले गं? ह्यो एकलाच बोलून राह्यला!"

मी चिडून पुढे ढकलत गेले. मध्येच वरातीतलं एक डीजे गाणं घुसलं, का तर 'तुम्हाला हेही आवडेल'. मला काय आवडेल हे तू कोण ठरवणार? मग जाहिरात... मग 'आता तासभर गाणं बदलता येणार नाही' अशी ताकीद. शाळेत मी मुलांना धाक दाखवते, आणि घरी हा एवढासा मोबाईल मला धाक दाखवतो.

आणि तेवढ्यात एक सवाल लागला. मावशीचा ऐन उमेदीतला, खणखणीत आवाज. मी हे गाणं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

बाबा एकदम सावरून बसले. "बंद कर. पुढं खराब हाय."

मोबाईलमध्ये टेप कशी खराब होईल, बाबा? त्यांनी हात पुढे केला, तर मावशीने फोन उचलून पदराखाली धरला.

नववं गाणं होतं ते. सवाल साधाच होता... बाबासाहेबांवर गातोस, रमाईवर रडतोस, पण तुझ्या घरात जी तुझ्या पार्टीला भाकरी थापते तिच्यावर एक तरी ओळ लिहिलीस का रे, शाहिरा?

आई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. गाणं संपेपर्यंत हलली नाही. मग मला म्हणाली, "आता पुढचं लाव. ह्यांनी काय जवाब देल्ता ते ऐकू दे."

मी दहाव्या गाण्यावर बोट दाबलं... परत तेच डीजे गाणं. परत दाबलं. मागे गेले, ॲप बंद करून चालू केलं, तर जाहिरात. इतकी तळपायाची आग मस्तकात गेली! तिकडे माझी आई जवाबासाठी ताटकळत उभी, आणि इथे एक बाई मला सांगतेय की जाहिरातींशिवाय संगीताचा आनंद घ्या.

आईनेच मग बाबांकडे तोंड वळवलं. "ऱ्हाऊ दे ते. तुम्हीच सांगा."

"दहाव्यात म्या हार कबूल केल्ती," बाबा खाली बघून म्हणाले. "ओळ... न्हाई लिहिली."

"आन् मला ऐकूबी देलं न्हाई," आई म्हणाली. "तुमच्या बारा माणसायच्या भाकरी टाकल्या म्या. माझ्या बाजूनं कुनी भांडलं व्हतं, एवढं तरी कळू द्यायचं." आवाज चढवला नाही तिने. मावशीला हाताला धरून आत घेऊन गेली, आणि दोघी चुलत बहिणींसारख्या गॅससमोर बोलत बसल्या.

माझा ॲपवरचा राग निम्मा बाबांकडे वळला. मी त्यांना काही बोलले नाही, पण बोलायला हवं होतं असं अजून वाटतंय.

संध्याकाळी मी निमूट पैसे भरले आणि सगळ्यांना पहिल्यापासून दहाव्यापर्यंत ओळीने ऐकवलं. म्हणजे आधी छळायचं आणि मग तोच छळ थांबवायचे पैसे घ्यायचे, असा हा धंदा! कालपासून बाबा वही घेऊन गॅलरीत बसतात, दोन ओळी लिहितात, खोडतात. आई ढुंकून बघत नाही. पण भाकरी करताना नववं गाणं लावायला सांगते, आणि संपलं की पुन्हा लावायला सांगते.

कुणीतरी म्हणेल, शफल नसतं तर हे कळलं नसतं. मुळीच नाही हं! मावशी शेवटपर्यंत ऐकायला आली होती, ओळीने वाजलं असतं तरी कळलंच असतं, आणि आईला जवाबासाठी असं ताटकळावं लागलं नसतं.

आभार मानायचेच तर शेवंतामावशीचे. तिने माझ्या आईसाठी भर मुकाबल्यात सवाल टाकला... आणि मी, आईची पोटची पोरगी, इतकी वर्षं बाबा जिंकले म्हणून टाळ्या वाजवत होते.