भराव बसण्याआधी

आमचा प्लॉट उतारावरचा. रस्त्याच्या बाजूला जमीन पायाशी, मागच्या बाजूला पुरुषभर खोल. मागं दगडी भिंत घातली आणि आतली पोकळी मुरमानं भरली. मुरूम थोरल्या भावानं, दादानं, फुलंब्रीहून ट्रॅक्टरनं आणून टाकला. वडील गेल्यापासून त्याचा शब्द घरात कुणी मोडत नसे.

भराव झाला तेव्हा तो म्हणाला, "आता एक पावसाळा पिऊ दे त्याला. बसू दे. मग फरशी टाक."

मला तेवढं थांबायचं नव्हतं. उस्मानपुऱ्यातल्या भाड्याच्या खोल्यांत सासरची माणसं आली की माझी मान खाली जायची. उन्हाळ्यातच वास्तुशांत करतो, असं त्यांना सांगून बसलो होतो.

"पाणी मारू, ठोकून घेऊ. बसेल की," मी म्हटलं.

"घर बांधायलास का जत्रंतला तंबू ठोकायलास?"

मग मी ते बोललो. "दादा, मायजवळ तेवढा वेळ नाही. डॉक्टर म्हणाले, पुढचा पावसाळा ती बघणार नाही."

हे खोटं होतं. नुकतीच तिच्या पोटातली गाठ काढली होती. गाठ साधी निघाली, काळजीचं काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ते ऐकायला मी एकटाच होतो. दादा भरावावरच खाली बसला. मुरमाचे खडे उचलून टाकत राहिला. शेवटी म्हणाला, "टाक मग."

माय आमच्यासोबत घर बघायला आली होती. ती रिक्षात बसली असेल असं मी धरून चाललो होतो. ती होती भिंतीच्या खालच्या अंगाला, सावलीत टेकलेली. आम्ही तिच्या डोक्यावर उभे राहून बोलत होतो. उतार चढून ती वर आली, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "फरशी कंची आणणार रं?"

त्याच आठवड्यात तिनं कानातली फुलं माझ्या बायकोला काढून दिली. म्हणाली, "वर बोलत व्हते ते ऐकलं मी. त्याला नको सांगू. जीव लावून घर बांधायलाय." बायकोनं रडत मला सांगितलं. मी तिलाही खरं सांगितलं नाही.

वास्तुशांत झाली, सासऱ्यांनी पाठ थोपटली. पावसात मायच्या मागच्या खोलीतली फरशी एका कोपऱ्यात खचली. खाटेच्या पायाखाली विटेचा तुकडा घालावा लागला. आल्यागेल्याला ती सांगायची, "माझ्यासाठीच घाई केली लेकरानं."

तो पावसाळा गेला, पुढचाही गेला. घर मायला लाभलं, असं सगळे म्हणायला लागले. मीही म्हणायचो.

पण ती स्वतः कधी निर्धास्त झाली नाही. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तेव्हा ऑपरेशनचं नाव काढू देईना. "ऱ्हायलं किती माझं? कशाला डोळ्याला चिरा?" मी समजावलं, रागावलो, दादाला मध्ये घातलं. जे एक वाक्य बोलायला हवं होतं, तेवढं सोडून सगळं बोललो. शेवटची कितीतरी वर्षं ती भिंतीला हात लावत चालली. माझ्या मुलीचं तोंड बोटांनी चाचपून म्हणायची, "नाक आमच्यावर गेलं बाई."

ती गेल्यावर वर्षानं तिच्या खोलीची फरशी उखडायला काढली. दादा आला होता. उघड्या मुरमाकडं बघत म्हणाला, "तवा तू ऐकलं नाय तेच बरं झालं. मायला घर लाभलं."

त्याच्या तोंडचं ते कौतुक मला गिळवेना. उभ्या उभ्याच मी सगळं सांगून टाकलं.

तो चिडेल, हात उगारेल असं वाटलं होतं. त्यानं खाली वाकून मुरमाचा एक खडा उचलला. मग हळूच म्हणाला, "म्हंजी मायला दिसलं असतं."

चपला घालून तो निघून गेला. बायको ताट घेऊन बाहेर आली. "भाऊजी न जेवता का गेले?"

काम निघालं, असं ओठांवर आलंच होतं. तिच्या हातातलं ताट घेतलं, तिला खाली बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.